८ जीबीच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ: काय टाकायचं, काय वगळायचं आणि सिंक नेमका कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला डिप्लोमाचं तिसरं वर्ष, मोबाइल ॲपचा विषय सुरू झालाय. विंडोज ११ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, हातात रेडमीचा फोन. अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवण्याचं गूगलचं साधन) टाकला, पण ग्रेडल सिंक (ग्रेडल म्हणजे ॲप बांधणारं साधन, सिंक म्हणजे त्याने लागणाऱ्या फायली आणून जुळवणं) मध्येच पडतो आणि इम्युलेटर (लॅपटॉपवरचा आभासी फोन) काळा पडदा दाखवून बसतो. कोणी म्हणतं आधी जावा टाक, कोणी म्हणतं फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप बनवणारं साधन) घे, एकाने तर मॅकच घ्यायला सांगितलं. सुरुवात कुठून करावी?

तुमचा लॅपटॉप चालेल. मॅक नको, वेगळा जावा नको, आणि इम्युलेटर तर अजिबात नको. स्टुडिओ, एसडीकेचे (अँड्रॉइड ॲप बांधायला लागणाऱ्या साधनांच्या संचाचे) दोन-तीन भाग आणि तुमचा स्वतःचा फोन, एवढ्यावर विषय निघतो. रिकामा प्रोजेक्ट फोनवर उघडलेला दिसेपर्यंत एकही ट्युटोरियल लावू नका. तोपर्यंत येणारी प्रत्येक एरर साधनांची असते, तुमच्या कोडची नसते, आणि दोन्ही एकत्र आल्या की कोणती कुणाची हेच कळत नाही.

आधी रॅमचा हिशेब. स्टुडिओ स्वतःसाठी साधारण २ जीबी घेतो. बिल्ड करणारा ग्रेडल वेगळी प्रोसेस म्हणून चालतो आणि नव्या प्रोजेक्टमध्ये त्याची मर्यादा २०४८ एमबी असते. कॉटलिन या भाषेचा कंपायलर तिसरी प्रोसेस उघडतो आणि मर्यादा ग्रेडलचीच उचलतो. विंडोजचे अडीच-तीन जीबी धरले की ८ जीबी संपले. आता यात इम्युलेटर घालायचा म्हणजे त्याला आणखी २ जीबी हवेत. मग विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर हलवत बसतं आणि तुम्ही काळा पडदा बघत बसता. गूगल स्वतःच नुसत्या स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि इम्युलेटरसह किमान १६ जीबी सांगतं, ते उगाच नाही. एसएसडी आहे ही तुमची जमेची बाजू. हार्ड डिस्क असती तर प्रोसेसर कितीही तगडा असून उपयोग नव्हता, कारण बिल्डमध्ये हजारो बारीक फायली वाचल्या-लिहिल्या जातात. पुढे पैसे खर्च करायचेच झाले तर पहिले रॅमवर करा, पण आधी रॅमचा मोकळा स्लॉट आहे की रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे ते दुकानात उघडून बघायला सांगा.

जावाचं म्हणाल, तर स्टुडिओसोबत त्याचा स्वतःचा जेडीके (जावाचा साधनसंच) येतो. वेगळा टाकला की 'जावा होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (साधन कुठे आहे ते विंडोजमध्ये लिहून ठेवणारी नोंद) कुठल्यातरी भलत्याच आवृत्तीकडे बोट दाखवतं, आणि टर्मिनलमधून केलेलं बिल्ड आणि स्टुडिओतून केलेलं बिल्ड दोन वेगळ्या जावांवर चालायला लागतं. जावाच्या विषयासाठी तो आधीच टाकलेला असेल तर काढू नका. स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्सखाली ग्रेडल उघडा आणि 'ग्रेडल जेडीके' या खान्यात जेटब्रेन्स रनटाइम, म्हणजे स्टुडिओसोबत आलेलाच जेडीके, निवडा. 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' अशी एरर दिसली तर त्या आकड्यातून ४४ वजा करा: ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७. अर्थ एवढाच की प्रोजेक्टमधला ग्रेडल जुना आहे आणि त्याला चालवणारा जावा त्याच्या ओळखीचा नाही. जावा २१ वर चालायला ग्रेडल किमान ८.५ लागतो.

आता जागेचा प्रश्न, म्हणजे फोल्डर कुठे ठेवायचे. मराठी मुलांना हा हमखास नडतो. लॅपटॉप सुरू करताना विंडोजला नाव देवनागरीत दिलं असेल, तर सी ड्राइव्हच्या 'युजर्स'मध्ये तुमचं फोल्डर देवनागरीत तयार होतं. मग स्टुडिओ 'युअर प्रोजेक्ट पाथ कंटेन्स नॉन-एएससीआयआय कॅरेक्टर्स' म्हणून थांबतो. ही तपासणी बंद करण्याची ओळ नेटवर सापडते. ती घालू नका, कारण तपासणी बंद झाली तरी आतली साधनं पुढे कुठेतरी तोच पाथ वाचताना पडतात. सेटिंग्जमधून खात्याचं नाव बदलूनही भागत नाही, कारण फोल्डरचं नाव तेच राहतं. सरळ उपाय म्हणजे विंडोजमध्ये नवं लोकल खातं, नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. ते नको असेल तर सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा, त्यात एसडीके, ग्रेडल, अँड्रॉइड आणि प्रोजेक्ट्स अशी चार फोल्डरं करा, सगळी नावं इंग्रजी अक्षरांत. मग दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स भरा: 'ग्रेडल युजर होम' आणि 'अँड्रॉइड युजर होम'. दोन्ही इंग्रजी कॅपिटलमध्ये, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. एसडीकेची जागा इन्स्टॉलेशनच्या वेळी विचारली जाते, तिथे देऊन टाका. व्हेरिएबल भरल्यावर स्टुडिओ पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर तो जुन्याच जागा धरून बसतो.

प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप बहुतेक वेळा वनड्राइव्हला जोडलेला असतो. ग्रेडल 'बिल्ड' फोल्डर पुसायला जातो, त्याच क्षणी वनड्राइव्ह त्यातली फाइल वर चढवत असतो, आणि 'अनएबल टू डिलीट' अशी एरर येते. पुन्हा चालवलं की कधी जाते, कधी नाही, म्हणून माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. डिफेंडरचंही, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसचंही तसंच. एसडीके, ग्रेडल आणि प्रोजेक्ट ही तीन फोल्डरं त्याच्या तपासणीतून वगळा, बिल्डचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. स्टुडिओ स्वतःही तशी सूचना कोपऱ्यात देतो, ती मान्य करा.

डाउनलोडची तयारी. इन्स्टॉलरच १ जीबीच्या वर आहे. त्यावर एसडीके, ग्रेडल आणि पहिल्या सिंकला येणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) धरून ३ जीबीची तजवीज ठेवा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हे काम अर्ध्यातच लटकणार. इन्स्टॉलरमध्ये 'अँड्रॉइड व्हर्च्युअल डिव्हाइस' समोरची खूण काढा. पुढे सेटअप विझार्डमध्ये 'स्टँडर्ड' नव्हे, 'कस्टम' निवडा. एसडीके मॅनेजरच्या पहिल्या टॅबमध्ये एकच प्लॅटफॉर्म घ्या, एपीआय ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५) किंवा त्यानंतरची स्थिर आवृत्ती. दुसऱ्या टॅबमध्ये बिल्ड टूल्स, प्लॅटफॉर्म टूल्स आणि कमांड-लाइन टूल्स. एनडीके आणि सीमेक सोडून द्या. ते सी प्लस प्लसवाल्यांचं सामान आहे, आणि एनडीके चांगलीच जागा खातो. स्टुडिओ स्थिर आवृत्तीचाच घ्या. कॅनरी नावाची चाचणीतली आवृत्ती नवी दिसते म्हणून घेऊ नका.

मित्राकडे सगळं व्यवस्थित चालत असेल तर एसडीकेचं फोल्डर पेनड्राइव्हवरून जसंच्या तसं आणता येतं, दोघांकडे विंडोज असलं म्हणजे झालं. लायब्ररीही आणता येतात: त्याच्या ग्रेडल फोल्डरमधल्या (जागा बदललेली नसेल तर ते 'युजर्स'मधल्या आपल्या फोल्डरात 'डॉट ग्रेडल' नावाने असतं) 'कॅशेस'च्या आत 'मॉड्यूल्स-२' असतं, तेवढंच घ्या, आणि तुमच्याकडे टाकल्यावर आतल्या 'लॉक' एक्स्टेन्शनच्या फायली आणि 'जीसी डॉट प्रॉपर्टीज' पुसा. दोघांचा ग्रेडल एकाच आवृत्तीचा असावा. आधी झिप करा, सुट्या फायली कॉपी करायला बसलात तर संध्याकाळ होईल. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घ्या.

सिंक मध्येच पडतो, त्याची कारणं माझ्या अंदाजाने या तीनपैकी एक असणार.

पहिलं, लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि ग्रेडलची झिप अर्धवट उतरते. पुढच्या वेळी ग्रेडल तीच अर्धवट फाइल उघडायला जातो आणि 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' म्हणतो. तुम्ही कितीही वेळा सिंक दाबा, उत्तर तेच, कारण त्याच्या लेखी फाइल आलेली आहे. स्टुडिओ बंद करा, ग्रेडलच्या फोल्डरमध्ये 'रॅपर', त्यात 'डिस्ट्स', आणि तिथे त्या आवृत्तीच्या नावाचं फोल्डर अख्खं पुसा. पुन्हा उघडलं की ते नव्याने उतरतं. स्टुडिओ नव्याने टाकून यात काही होत नाही, कारण हे फोल्डर स्टुडिओच्या बाहेर असतं आणि अनइन्स्टॉल केल्यावरही तिथेच राहतं.

दुसरं, कॉलेजचा प्रॉक्सी, म्हणजे लॅबचं नेट ज्या मधल्या सर्व्हरमधून जातं तो. लॅबच्या नेटवर काम करताना प्रॉक्सी भरला की स्टुडिओ विचारतो, ग्रेडललाही हाच लावू का? आपण होय म्हणतो. तो पत्ता ग्रेडलच्या फोल्डरमधल्या 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये लिहिला जातो. घरी आल्यावर स्टुडिओतला प्रॉक्सी काढला तरी फाइलमधला तसाच राहतो आणि 'कनेक्ट टाइम्ड आउट' येत राहतं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'सिस्टिमप्रॉप'ने सुरू होणाऱ्या, प्रॉक्सीच्या ओळी काढून टाका. प्रोजेक्टच्या आतही याच नावाची फाइल असते. ती नव्हे, ग्रेडलच्या घरातली.

तिसरं, आवृत्त्यांचं भांडण. लॅबमधला स्टुडिओ जुना, घरचा ताजा. घरी केलेला प्रोजेक्ट लॅबमध्ये उघडला की तो 'इनकॉम्पॅटिबल व्हर्जन' म्हणतो, कारण नव्या प्रोजेक्टमधला अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन जुन्या स्टुडिओला वाचता येत नाही. उलट दिशेने चालतं: जुना प्रोजेक्ट नव्या स्टुडिओत उघडतो. म्हणून लॅबमध्ये कोणती आवृत्ती आहे ते बघा आणि घरीही तीच टाका; स्टुडिओच्या साइटवर जुन्या आवृत्त्यांचं संग्रह पान आहे. नाहीतर प्रोजेक्टचा पाया लॅबमध्ये घाला आणि घरी 'अपग्रेड असिस्टंट' कितीही लाडीगोडी लावो, दाबू नका. प्लगइन ८.५ ला ग्रेडल किमान ८.७ लागतो, ८.७ ला ८.९. एक हलवला की दुसरा हलवावाच लागतो. सबमिशनच्या आठवड्यात तर कुठल्याच अपडेटला हात लावू नका.

सिंक एकदा नीट झाला की ग्रेडलच्या खिडकीतला 'ऑफलाइन मोड' चालू करा. दरवेळी नेटवर जाऊन विचारणं बंद होतं. नवी लायब्ररी घालताना मात्र तो काढायला विसरू नका, नाहीतर 'नो कॅश्ड व्हर्जन' म्हणून अडेल. ८ जीबीसाठी आणखी एक ओळ, प्रोजेक्टच्या 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज'मध्ये: 'कॉटलिन डॉट कंपायलर डॉट एक्झिक्युशन डॉट स्ट्रॅटेजी', बरोबरचं चिन्ह, 'इन-प्रोसेस', सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. यामुळे कॉटलिनची तिसरी प्रोसेस उघडत नाही, काम ग्रेडलच्याच पोटात होतं.

आता नवा प्रोजेक्ट. इथे एका शब्दाने मुलं आठवडा घालवतात. 'एम्प्टी ॲक्टिव्हिटी' निवडली की कंपोझ (पडदा कोडमधूनच रचायची नवी पद्धत) येतो, त्यात फक्त कॉटलिन, आणि लेआउटची एक्सएमएल फाइल नसतेच. 'एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी' निवडली की एक्सएमएल लेआउट येतो आणि भाषा जावा की कॉटलिन हे विचारलं जातं. डिप्लोमाचा अभ्यासक्रम जावा आणि एक्सएमएलवर बेतलेला असेल तर दुसरीच घ्यायची. फक्त नोकरीसाठी शिकत असाल तर पहिली. जुना व्हिडिओ लावून कंपोझचा प्रोजेक्ट उघडलात तर 'ॲक्टिव्हिटी मेन' नावाची फाइल शोधत बसाल, ती मिळणार नाही. व्हिडिओत 'जेसेंटर' दिसला तर तो लायब्ररींचा बंद झालेला साठा आहे, त्याजागी मेव्हन सेंट्रल. 'कॉटलिनएक्स डॉट अँड्रॉइड डॉट सिंथेटिक' अशी इम्पोर्टची ओळ दिसली तर तो व्हिडिओच सोडा, ती सोय काढून टाकलेली आहे.

पॅकेजचं नाव विचारपूर्वक द्या. 'कॉम डॉट एक्झाम्पल'ने सुरू होणारं नाव प्ले स्टोअर घेत नाही, आणि एकदा ॲप चढवलं की नाव बदलता येत नाही. ॲपचं फोनवर दिसणारं नाव खुशाल मराठीत ठेवा, ते स्ट्रिंग्जच्या फाइलमधून येतं. प्रोजेक्ट आणि पॅकेज मात्र इंग्रजी अक्षरांत. किमान एसडीके २४ म्हणजे अँड्रॉइड ७, शिकायला आणि सबमिशनला पुरे.

फोन जोडणं. रेडमीत सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून 'एमआययूआय व्हर्जन' किंवा 'ओएस व्हर्जन'वर ७ वेळा टिचकी मारा. इतर बहुतेक फोनांत हेच 'बिल्ड नंबर'वर करायचं. मग 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये 'डेव्हलपर ऑप्शन्स' दिसतं. त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करा आणि त्याच्याच खाली 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी'ही. हे दुसरं बटण शाओमीच्या फोनांत नेहमी अडतं: त्याला एमआय खातं आणि फोनमध्ये सिम लागतं. वाय-फायवर होत नसेल तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर करून बघा. हे बटण बंद असेल, किंवा रन दाबल्यावर फोनच्या पडद्यावर काही सेकंदांसाठी येणाऱ्या 'इन्स्टॉल' प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर 'इन्स्टॉल फेल्ड युजर रिस्ट्रिक्टेड' येतं. फोन पालथा ठेवून लॅपटॉपकडे बघत बसणाऱ्यांना ही एरर हटकून भेटते.

केबल डेटाची हवी. चार्जरसोबतच्या बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात. एम. जी. रोडवर घ्यायला गेलात तर दुकानातच फोन लॅपटॉपला लावून 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय दिसतो का ते बघून घ्या. मग एसडीकेच्या 'प्लॅटफॉर्म टूल्स' फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एडीबी डिव्हायसेस' ही कमांड द्या (एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनशी बोलणारं साधन). यादी रिकामी आली तर केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हर. 'अनऑथराइज्ड' आलं तर फोन अनलॉक करा, पडद्यावर परवानगीचा प्रश्न थांबलेला असतो. 'ऑफलाइन' आलं तर केबल काढून लावा, तरी नाही गेलं तर 'एडीबी किल-सर्व्हर' देऊन पुन्हा बघा. 'डिव्हाइस' आलं की झालं, स्टुडिओत रन दाबा.

केबल खिळखिळी असेल तर अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, स्टुडिओत क्यूआर कोड स्कॅन करून जोडता येतं. कॉलेजच्या वाय-फायवर मात्र ते बहुधा चालत नाही, कारण तिथे एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी सोय केलेली असते. तिसऱ्या कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडा. आणि हो, डीबगिंग चालू असताना काही बँकांची ॲप उघडायला नकार देतात. काम झालं की बटण बंद करा.

ज्यांच्याकडे १६ जीबी आहे त्यांनी इम्युलेटर घ्यायला हरकत नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसायला हवं. नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना कळ दाबून उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) इंटेलला 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीला 'एसव्हीएम मोड' चालू करा. बायोसची कळ एचपीत एफ१०, डेलमध्ये एफ२. हॅक्सम (इम्युलेटरला वेग देणारा इंटेलचा ड्रायव्हर) टाका असं कोणी सांगितलं तर ती माहिती जुनी आहे, इंटेलने २०२३ मध्ये त्याचं काम थांबवलं. विंडोज फीचर्समधलं 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' चालू करा. सिस्टिम इमेज एक्स८६-६४ चीच घ्या. एआरएमची इमेज इंटेलवर रांगते.

फ्लटरला माझा विरोध नाही, पण त्यालाही अँड्रॉइडसाठी हीच एसडीके आणि हाच ग्रेडल लागतो. म्हणजे वरची सगळी दुखणी तशीच, वर आणखी एक थर. आयफोनचं ॲप बांधायला एक्सकोड लागतो आणि तो फक्त मॅकवर चालतो, पण त्या वाटेला आत्ता जायचं कारण नाही. प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी दाखवावी लागते. तेव्हा सबमिशनला 'प्ले स्टोअरवर आहे' असं सांगायचं असेल तर महिनाभर आधी लागा.

फोनवर पहिलं ॲप चाललं की एक चाचणी लगेच करा: फोनची भाषा मराठी करा आणि ॲप पुन्हा चालवा. समजा निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी फवारणीची नोंदवही करताय. औषधाचं प्रमाण २.५ लिटर तुम्ही 'फॉरमॅट' वापरून मजकुरात बदललं, तर इंग्रजी फोनवर इंग्रजी अंक येतात आणि मराठी फोनवर देवनागरी. तोच मजकूर परत 'टू डबल'ने आकड्यात बदलायला गेलात की ॲप कोसळतं. गंमत म्हणजे 'टू इंट' देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो, त्यामुळे पूर्णांकांवर चाचणी करणाऱ्याला काहीच कळत नाही. तारखेचंही तसंच: एका फोनवरून इंग्रजी अंकांत आणि दुसऱ्यावरून देवनागरीत साठवलेल्या तारखा डेटाबेसमध्ये क्रमाने लागत नाहीत. साठवायच्या आणि पाठवायच्या मजकुराला फॉरमॅट करताना 'लोकेल डॉट रूट' (कुठल्याच भाषेला न बांधलेली मांडणी) द्या, आणि पडद्यावर दाखवायच्या मजकुरालाच फोनची भाषा लावा.